जुन्या फ्लॅटचे फोटो: अठरा हजारांचं पॅकेज घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये वडिलांच्या नावावर १९९८ सालचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. विकायला काढून चार महिने झाले, दोन-तीन साइटवर जाहिरात आहे, पण फोन येत नाहीत. एजंट म्हणतोय १८,००० रुपयांचं पॅकेज घ्या, त्यात प्रोफेशनल फोटो, ड्रोन आणि व्हर्च्युअल टूर (स्क्रीनवरच घरभर फिरून बघायची सोय). भाऊ म्हणतोय मोबाइलने काढलेत तेवढे पुरे. आणि वडिलांचं म्हणणं, "मी घर घेतलं तेव्हा कुणी एक फोटो दाखवला नव्हता, आत्ताच ही काय थेरं?"

मी नाशिकमध्ये फिल्म रोलच्या काळापासून फोटोग्राफीचं काम करतो. आधी बिल्डरांची ब्रोशर आणि कारखान्यांचे कॅटलॉग, आता जास्त करून फ्लॅट, बंगले, फार्महाउस. उत्तर आधीच देऊन टाकतो: तुमच्या फ्लॅटला ड्रोन नको, टूर बहुधा नको, चांगले फोटो मात्र हवेतच. ते भाऊ मोबाइलवरही काढू शकेल, पण अर्धा दिवस घर आवरायची त्याची तयारी हवी. का, ते खाली लिहितो. सुरुवात मात्र वडिलांच्या प्रश्नापासून करतो, कारण तिघांत नेमका मुद्दा त्यांनीच काढलाय.

१९९८ मध्ये घर कसं शोधायचे? 'देशदूत', 'गावकरी', 'सकाळ', 'लोकमत' यांच्या छोट्या जाहिरातींत. पैसे शब्दांवर, म्हणून 'इंदिरानगर, २ रूम-किचन, दुसरा मजला, पाणी मुबलक, समक्ष भेटा' एवढ्यात काम भागवायचं. फोटो टाकायचा म्हटलं तरी त्या कागदावर काळपट डागापलीकडे काही उमटत नसे. नाहीतर मग ओळखीचा एजंट, जो स्कूटरवर मागे बसवून एका संध्याकाळी चार घरं फिरवून आणायचा. घेणारेही बहुतेक इथलेच: नोट प्रेसमधले, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात असलेले, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले, शिक्षक, बँकवाले. एक रविवार काढला की बघून व्हायचं. समोर घरच उभं असताना फोटो कशाला लागणार होता?

फोटो लागायचा तो नव्या स्कीमच्या ब्रोशरला. आणि गंमत म्हणजे तेव्हा फोटो काढायला इमारतच उभी नसायची. म्हणून आर्टिस्टकडून पोस्टर कलरमध्ये एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग, रंगवून घेत. समोर हिरवीगार झाडं, निळं आकाश, एक लाल गाडी आणि फुटपाथवर फुगा घेतलेलं मूल, हे ठरलेलं. पुढे तेच काम कॉम्प्युटरवर थ्रीडीमध्ये होऊ लागलं, पण लाल गाडी बरीच वर्षं टिकली. आमची गरज पडायची ती सॅम्पल फ्लॅट तयार झाल्यावर.

ते शूट म्हणजे दिवसभराचं काम. ३५ एमएमच्या रोलमध्ये ३६ फ्रेम, १२० च्या मोठ्या रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरच्या फक्त १२. ब्रोशर चांगल्या ऑफसेटवर छापायचं असेल तर स्लाइड फिल्म, आणि स्लाइडला उजेडाचा अंदाज थोडा जरी चुकला तरी ती फ्रेम गेली. घरातल्या फोटोची मुख्य अडचण तेव्हाही तीच होती जी आज आहे: खिडकीबाहेरचं ऊन आणि आतला कोपरा यांच्या उजेडात प्रचंड फरक. डोळ्याला दोन्ही एकदम दिसतं, फिल्मला दोन्ही पेलत नसे. एक तर खिडकी पांढरीफटक, नाहीतर खोली काळोखी. यावर इलाज दोनच. मोठे फ्लॅश आणून छतावर मारायचे, म्हणजे उजेड पसरून खाली येतो. नाहीतर थांबायचं. सूर्य मावळल्यावर थोडा वेळ असा येतो की बाहेरचा निळसर प्रकाश आणि आतल्या दिव्यांचा प्रकाश जवळजवळ बरोबरीत असतात. त्या वीसेक मिनिटांत हॉल उरकला तर उरकला, बेडरूम दुसऱ्या दिवशी.

त्यात ट्यूबलाइट. डेलाइट फिल्मवर ट्यूबचा प्रकाश हिरवा उतरायचा. शूटच्या वेळी सगळं पांढरंशुभ्र दिसतंय आणि लॅबमधून प्रिंट आल्यावर बघावं तर नवी कोरी भिंत शेवाळल्यासारखी. मग लेन्सवर गुलाबी-जांभळट फिल्टर लावायचा किंवा खुर्चीवर चढून एकेका ट्यूबला जिलेटिन पेपर गुंडाळायचा. साधे बल्ब नारिंगी यायचे, त्यांचं दुखणं वेगळंच. खोलीत ट्यूब आणि बल्ब दोन्ही चालू असले की एक काहीतरी बंद करावंच लागे.

हे सगळं आठवणी काढायला सांगत नाहीये. त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. प्रत्येक क्लिकला पैसे पडत होते, त्यामुळे आधी खोली लावायची, मग कॅमेरा लावायचा, मग डोळा लावून कोपरान् कोपरा तपासायचा आणि शेवटी एकदा बटण दाबायचं. आज क्लिक फुकट आहे, म्हणून क्रम उलटा झालाय. लोक आधी पन्नास फोटो काढतात आणि त्यातल्या त्यात बरे निवडतात. पन्नासच्या पन्नास फोटोंत दारामागची बादली तशीच असते.

डिजिटल एसएलआर सामान्य फोटोग्राफरच्या आवाक्यात आला तो २००३-०४ च्या सुमारास, कॅननचा ३००डी आणि निकॉनचा डी७० आल्यावर. पाठोपाठ घरांच्या जाहिरातींच्या साइट आल्या, २००५ मध्ये ९९एकर्स आणि २००६ मध्ये मॅजिकब्रिक्स. म्हणजे फोटो काढणं स्वस्त होणं आणि फोटो लावायला जागा मिळणं जवळजवळ एकाच वेळी घडलं. तरी पहिली काही वर्षं फरक पडला नाही. नेट मंद, फोटो बोटाच्या पेरांएवढे, त्यातही बहुतेक वेळा इमारतीचं एलेव्हेशनच. आतले फोटो एजंट स्वतःच्या फोनवर फ्लॅश मारून काढायचा आणि बाथरूमच्या आरशात तो स्वतःही दिसायचा. असे फोटो आजही साइटवर सापडतील.

खरा बदल घेणारा माणूस लांब गेल्याने झाला. आज इंदिरानगरचा फ्लॅट घेणारा हिंजवडीत नोकरीला असतो आणि आईवडिलांसाठी घर बघत असतो. ठाणे-कल्याणचा असतो, रिटायर होऊन इकडे यायचा विचार करत असतो. दुबईत असतो. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला तशी ही मंडळी रात्री जेवणं झाल्यावर फोनवर घरं चाळू लागली, आवडलेलं घराच्या ग्रुपवर टाकू लागली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये प्रत्यक्ष बघणंच बंद झालं आणि उरलेसुरले लोकही फोटो-व्हिडिओवर आले. पूर्वी घर बघायला जायचं की नाही हे एजंटच्या शब्दावर ठरायचं, आता फोटोंवर ठरतं. वडिलांना एवढंच सांगा: तुम्ही घर बघितलंत आणि घेतलंत. आजचा माणूस वीस घरं फोनवर बघतो आणि त्यातली तीन बघायला येतो. आपलं घर त्या तिनात यायला हवं.

आता पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी, कारण दोष फोटोंचाच आहे हे अजून सिद्ध व्हायचंय. साइटवर तुमच्या जाहिरातीला किती लोकांनी बघितलं याचा आकडा मिळतो, तो काढा. बघणारेच कमी असतील तर पहिला फोटो किंवा किंमत चुकतेय, किंवा किमतीच्या फिल्टरमध्येच तुम्ही बाहेर पडताय. बघणारे भरपूर आणि फोन नाहीत, तर आतले फोटो किंवा माहिती कमी पडतेय. फोन येतात पण बघायला कुणी येत नाही, तर लिफ्ट, पार्किंग, मेंटेनन्स, पाणी यांपैकी कशाचं तरी उत्तर लोकांना पटत नाहीये. आणि लोक येतात, बघतात, 'कळवतो' म्हणून जातात, तर फोटो चांगलेच आहेत, जरुरीपेक्षा जास्त चांगले आहेत. त्या शेवटच्या प्रकाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अठरा हजारांच्या पॅकेजांमधून तोच जास्त निपजतो.

वाइड अँगल लेन्स घराच्या फोटोला लागतेच. दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये पाठ भिंतीला टेकवून उभं राहिलं तरी साध्या लेन्समध्ये पलंगाचं एक टोक येतं. प्रश्न किती वाइड एवढाच. लेन्सचा एमएमचा आकडा जितका लहान तितकी ती वाइड: फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर २४ एमएमची लेन्स आडवा ७४ अंशांचा पट्टा टिपते, १६ एमएमची ९७ अंशांचा. २०१९ पासून फोनमध्ये जी '०.५' ची लेन्स सर्रास आली ती साधारण १३ एमएमच्या बरोबरीची, म्हणजे १०८ अंश. एवढा पट्टा सपाट चौकटीत बसवायचा तर कडेच्या वस्तू ताणल्या जाणारच. सिडकोतल्या एखाद्या छोट्या घराचा हॉल '०.५' वर काढला की तो लग्नाचा हॉल वाटतो. कडेचा फ्रिज दोन फ्रिजांएवढा रुंद, छतावरचा पंखा अंड्यासारखा लांबुळका, आणि समोरची भिंत एवढी दूर की तिथवर चालत जायला वेळ लागेल.

बघणारा फसतो का? फोनवर फसतो. दारात आल्यावर त्याचा चेहरा बघा. खोली आहे तेवढीच आहे, वाईटही नाही, पण त्याच्या डोक्यात दुप्पट खोली होती. त्यामुळे दहा बाय बाराची चांगली खोली त्याला कोंदट वाटते. शिवाय आता त्याला वाटतं, फोटोत एवढं वाढवून दाखवलंय तर कागदपत्रांत काय असेल? तिथून पुढे तो भाव पाडूनच बोलतो. म्हणून मी घरात शक्यतो २० ते २४ एमएमच्या दरम्यान राहतो. लहान बाथरूम किंवा अरुंद किचन असेल तर थोडं खाली येतो. फोनवर काढणार असाल तर आधी '१' वर प्रयत्न करा. मागे सरकायला जागाच नसेल तर '०.५' वर काढा आणि कडेचा ताणलेला भाग कापून टाका.

एक युक्ती सांगतो, घेणाऱ्यांनाही कामाला येईल. फोटोतल्या फरश्या मोजा. तुमच्या काळातल्या फ्लॅटमध्ये बहुतेकदा साधारण फुटाची स्पार्टेक (सिरॅमिक) किंवा मोझॅक असते, नव्या घरात दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड. भिंतीपासून भिंतीपर्यंत फुटाच्या दहा फरश्या दिसल्या तर खोली दहा फूट, फोटो काहीही म्हणो. माझ्याकडे येणाऱ्या शंकेखोर गिऱ्हाइकांना मी हे स्वतःहून सांगतो. विकणाऱ्याने तर फोटोखाली मापंच लिहून टाकावीत, म्हणजे लेन्सवरून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

कॅमेऱ्याची उंची हा दुसरा भाग. लोक उभ्याने, डोळ्याला फोन लावून काढतात. मग जमीन जास्त दिसायला लागली की फोन मागे कलवतात आणि भिंती वरच्या बाजूला तिरप्या पळतात. मी साधारण छातीच्या उंचीला ठेवतो, चार फुटांच्या आसपास. किचनमध्ये थोडा वर, म्हणजे ओट्याचा पृष्ठभाग दिसतो. फोन सरळ उभा धरायचा, वर-खाली झुकवायचा नाही. फोनमध्ये ग्रिड चालू करा, दाराची चौकट त्या उभ्या रेषेला समांतर आली की झालं. पूर्वी यासाठी सरकत्या लेन्स मिळायच्या, त्यांची किंमत ऐकूनच घाम फुटायचा. आता सॉफ्टवेअरमध्ये एका स्लायडरवर होतं, पण मुळात सरळ धरलं तर त्याचीही गरज पडत नाही.

उजेडाचं म्हणाल तर आज खिडकी-काळोखाचा जुना झगडा फोन स्वतःच बराचसा सोडवतो. तो एकामागोमाग कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम घेऊन एकत्र करतो. आम्ही हेच काम ट्रायपॉडवर तीन ते पाच फ्रेम घेऊन करतो आणि वर एखादी फ्लॅशची फ्रेम मिसळतो, म्हणजे भिंतीचा रंग खरा येतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी या फ्रेम मिसळण्याच्या तंत्राचं, एचडीआरचं, वेड आलं होतं, तेव्हाचे फोटो बघा: ढग जांभळे, सोफ्याभोवती पांढरी कड, घर रेडिओअॅक्टिव्ह असल्यासारखं. सुदैवाने ते ओसरलं. तुम्ही एवढंच करा: हॉलच्या खिडकीत थेट ऊन येत असताना त्या खोलीचा फोटो काढू नका. पूर्वेचा हॉल दुपारनंतर, पश्चिमेचा सकाळी. फ्लॅश बंद. दिवे लावायचे तर सगळे एका रंगाचे. एक एलईडी पांढरा आणि एक पिवळा असेल तर दिवे लावूच नका, नुसत्या उजेडावर काढा. नाशिकचं हवामान म्हणाल तर पावसाळा संपल्यावरचे दिवस सर्वांत चांगले, हवा धुतलेली असते, बाल्कनीतून डोंगर दिसत असतील तर ते खरोखर दिसतात. मे महिन्यातल्या दुपारी आकाश पांढरट आणि डोंगर गायब.

आता आवराआवर, आणि हाच भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. राहतं घर असेल तर किचनच्या ओट्यापासून सुरू करा. मिक्सर, तेलाची बरणी, चहा-साखरेचे डबे, खिडकीच्या गजाला अडकवलेली गाळणी आणि पिशव्या, सिंकमधली घासणी, सगळं खाली. शेगडी राहू द्या, पुसून. फ्रिजवरची मॅग्नेट आणि औषधांच्या चिठ्ठ्या काढा. हॉलमधलं कॅलेंडर काढा. बँकेचं असो की देवाचं, फोटोत ते हटकून डोळ्यात भरतं. बाल्कनीतली कपड्यांची दोरी, ड्राय बाल्कनीतलं पाण्याचं पिंप, माळ्यावरून डोकावणाऱ्या बॅगा, दारातल्या चपला. देवघर मात्र काढायची गरज नाही. आपल्याकडे घेणाऱ्याला ते दिसलेलं आवडतं आणि त्यावरून पूर्व कुठे तेही कळतं, वास्तूचा प्रश्न फोनवर पहिल्या पाचांत असतोच. मुलांचे आणि कुटुंबाचे फोटो, दारावरची नावाची पाटी, गाडीचा नंबर, तिजोरीचं कपाट हे फ्रेममध्ये नको, कारण ही जाहिरात कोण बघतंय ते आपल्याला माहीत नसतं. त्याच कारणासाठी फोटो काढताना फोनचं लोकेशन बंद ठेवा.

ओल असेल तर ती फोटोतून पुसू नका, भिंतीतून काढा. १९९८ ची इमारत आहे, पावसाळ्यात बाथरूममागच्या भिंतीला पोपडे आलेले असणारच. वॉटरप्रूफिंग आणि एक हात रंग यावर पॅकेजमधले पैसे घातलेत तर फोटो आपोआप सुधारतील, आणि घर बघायला आलेल्याला नाकाने जे कळतं ते कुठल्याच फोटोत झाकता येत नाही.

घर रिकामं असेल तर गोष्ट थोडी वेगळी. रिकामी खोली फोटोत लहान दिसते, कारण डोळ्याला तुलना करायला काही नसतं. एक खुर्ची, एक चटई, खिडकीत एक कुंडी एवढंही पुरतं. आता एआयने फर्निचर घालून देणारी अॅप आली आहेत. ते करायला माझी हरकत नाही, पण त्या फोटोवर 'फर्निचर काल्पनिक' असं लिहावं आणि शेजारी रिकाम्या खोलीचा खरा फोटोही द्यावा. माझी रेघ अशी आहे: ताबा मिळाल्यावर घेणारा जे स्वतः बदलू शकतो ते फोटोत बदललं तर एकवेळ चालेल. सोफा, पडदे, भिंतीचा रंग. जे तो बदलू शकत नाही त्याला हात लावायचा नाही. समोरच्या इमारतीची भिंत, बाल्कनीसमोरची विजेची तार, हॉलमधला बीम, खिडकीचा आकार. आकाश बदलणं तर फोटोशॉपमध्ये २०२० पासून एका क्लिकवर आलंय. ढगाळ दिवस निळा केला तर कुणाचं नुकसान नाही, पण तशाच आणखी एका क्लिकवर मागची टाकी आणि होर्डिंगही जातं, आणि मोह तिथेच होतो.

नदीकाठच्या फ्लॅटना हे जास्त लागू. गंगापूर रोडच्या मागच्या बाजूला गोदेचा देखावा ज्यांना आहे ते मालक फोटो ऑगस्टमध्ये भरलेल्या पात्राचाच काढायला सांगतात. काढतो मीही, सुंदरच दिसतो. पण २००८ आणि २०१६ चे पूर बघितलेल्या गावात घेणारा पुढचा प्रश्न पूररेषेचाच विचारतो, त्याचं उत्तर कागदासकट तयार ठेवा असं मालकाला बजावतो.

नव्या प्रकल्पांच्या जाहिरातींवर आता कायद्याची नजर आहे. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा रेरा कायदा २०१६ चा, तो राज्यात राबवणाऱ्या महारेराचं काम मे २०१७ पासून सुरू. कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या चित्रावर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. जाहिरातीत नोंदणी क्रमांक लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तुमच्यासारख्या जुन्या फ्लॅटच्या विक्रीला हे नियम लागत नाहीत, पण घेणाऱ्याला नव्या घरांच्या जाहिरातीत कार्पेट एरिया (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) वाचायची सवय लागलीये, तर तुम्हीही बिल्ट-अपच्या जोडीला कार्पेट लिहा.

ड्रोनबद्दल. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत वाटलेला आहे आणि तो सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर बघता येतो. नाशिककरांनी तो बघायलाच हवा. देवळालीला तोफखान्याचं केंद्र, गांधीनगरला लष्कराचं हवाई प्रशिक्षण, ओझरला विमानतळ आणि एचएएल, नाशिकरोडला दोन प्रेस. एवढं सगळं असलेल्या गावात 'छोटासा ड्रोन आहे, पाच मिनिटं उडवतो' हे उत्तर चालत नाही. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामाला उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, ड्रोनची नोंदणी लागते, आणि पोलिसांचा मनाई आदेश असेल तर तो वेगळाच. एजंटच्या माणसाला हे कागद मागा. आणि समजा सगळे कागद आहेत, तरी इमारतीतल्या एका फ्लॅटचं ड्रोनने काय दाखवणार? सोसायटीच्या गच्चीवरच्या टाक्या आणि डिश अँटेना. ड्रोन कामाचा असतो तो गंगापूर धरणाकडच्या फार्महाउसला, एनए (बिगरशेती) प्लॉटला, जिथे रस्ता कुठून येतो, विहीर कुठे आहे, शेजारी कुणाची द्राक्षबाग आहे हे जमिनीवरून दिसत नाही. तिथे मी स्वतः परवानाधारक माणूस सोबत घेतो.

व्हर्च्युअल टूरचं उत्तर परिस्थितीवर आहे. घेणारा परदेशात आहे, घर मोठं आहे, खोल्यांची रचना चटकन समजत नाही, तर उपयोग होतो. पंचवटीतला किंवा रविवार कारंज्याकडचा जुना वाडा असेल तर मी आवर्जून करायला सांगेन, कारण चौक, जिना, माजघर यांचा एकमेकांशी संबंध सुट्या फोटोंत लागतच नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटला मात्र मुख्य दारातून सुरू करून सलग, सावकाश चालत काढलेला दीड-दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ पुरतो. मध्ये कट नको. कट दिसला की माणसाला वाटतं तिथे काहीतरी लपवलंय. आणि सोबत हाताने काढलेला का होईना, मापांसकट नकाशा द्या. माझ्या मते फ्लॅटच्या जाहिरातीत सर्वांत जास्त उपयोगाचं आणि सर्वांत कमी दिसणारं चित्र तेच असतं.

फोटो किती? बारा ते पंधरा. पहिला हॉलचा, एका कोपऱ्यातून खिडकीकडे बघणारा, म्हणजे खोलीची लांबी आणि उजेड दोन्ही एकदम कळतात. हाच फोटो यादीत काडेपेटीएवढा दिसणार आहे, म्हणून त्यात गर्दी नको. एलेव्हेशन पहिलं लावू नका. पंचवीस वर्षांहून जुनी इमारत बाहेरून तिच्या वयाचीच दिसते आणि लोक तिथेच पुढे सरकतात. ती शेवटी लावा, पण लावा. मध्ये दोन्ही बेडरूम, किचन दोन बाजूंनी, दोन्ही बाथरूम दिवे लावून, बाल्कनी, बाल्कनीतून दिसणारं खरंखुरं दृश्य, पार्किंगची जागा, जिना किंवा लिफ्ट. एजंटला फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखे पाठवलेत तर ते दाबून लहान होतात, एजंट तेच साइटवर चढवतो आणि तिथे ते आणखी एकदा दाबले जातात.

तरीही फोटोग्राफर बोलवायचं ठरलं, आणि घर आवरूनही मोबाइलवर मनासारखं येत नसेल तर जरूर बोलवा, तर फक्त फोटोंचे दर विचारा, पॅकेजचे नाही. आधीच्या कामातले तुमच्याच आकाराच्या फ्लॅटचे फोटो मागा. पेंटहाउसचे बघून काही कळत नाही. आणि पैसे स्वतः द्या. कॉपीराइट कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक तो मोबदला देणारा असतो. एजंटने पैसे भरून कमिशनमध्ये धरले आणि उद्या तुम्ही एजंट बदललात, तर तो फोटोही घेऊन जाईल. पूर्ण आकाराच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा लिंकवर ताब्यात घ्या.

हॉल कोणत्या दिशेला उघडतो, फ्लॅट राहता आहे की रिकामा, आणि आत्ता साइटवर पहिला फोटो कशाचा आहे, हे इथेच लिहा. त्यावरून कोणत्या वेळी काढायचे आणि कुठून सुरुवात करायची ते सांगतो.